म्हैसूरला मी एक गोष्ट नीट केली

म्हैसूरहून आले म्हटल्यावर बार्शीत मला सगळ्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. राजवाडा पाहिला का, आणि साडी आणली का. राजवाडा बसच्या खिडकीतून पाहिला. साडी आणली नाही. तिसरं काही कुणी विचारलं नाही, तेव्हा ते इथे लिहून टाकते. तिकडे जाणं झालं नाही त्यांनी प्रवासवर्णन म्हणून वाचावं. मास्तरकी करणाऱ्यांनी मात्र जरा सावरून बसून वाचावं.

मी मराठीची शिक्षिका. लाल पेन हातात धरून माझं बोट वाकडं झालंय, हे मी थट्टेत सांगत नाही. आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड येऊन दोन वर्षं झाली आणि त्याच्यावर आम्ही सुविचार लिहितो, तोही खडूनं लिहायला गेलेले एक सर आहेत, नाव घेत नाही. तर भाषाशिक्षकांना तंत्रज्ञान शिकवण्याचं आठवडाभराचं प्रशिक्षण म्हैसूरला निघालं, आणि शाळेतून कुणी जायला तयार नव्हतं म्हणून मला पाठवलं.

सोमवार

मराठी, कन्नड, तेलुगू, कोकणी, तमिळ असे आम्ही तीसेक शिक्षक. शिकवणारे किरण सर बंगळूरचे, वयानं माझ्या भाच्याएवढे, बोलायला मऊ. पहिला दिवस लॉगिनमध्ये गेला. माझ्या शाळेचं खातं मुख्याध्यापकांच्या नंबरला जोडलेलं, त्यामुळे मी म्हैसुरात बटण दाबलं की ओटीपी जायचा बार्शीला. मुख्याध्यापक मीटिंगमध्ये. त्यांनी फोन उचलेपर्यंत ओटीपी शिळा व्हायचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तिथं गेलात कशाला, इथंच बसून दाबलं असतं." कपाळ माझं!

शेजारच्या खुर्चीवरची बाई हसायला लागली. हसू दाबत म्हणाली, "मॅडम, तुमी मराठी की!" तीच रूपा. चाळिशीची, कन्नडची शिक्षिका, डोक्यात गजरा. घरची मराठी. जुन्या म्हैसूरच्या राजांकडे फौजेत आलेल्या मराठा घराण्यातली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. राहते म्हैसुरातच, जयलक्ष्मीपुरममध्ये, आणि शाळा पिरियापट्टण या तालुक्याच्या गावी, रोज बसनं जाऊन-येऊन. तिचं मराठी ऐकताना मला गंमत वाटायची. एका वाक्यात निम्मे शब्द आपले, निम्मे कन्नड, आणि मध्ये मध्ये 'अल्ला?' म्हणजे 'नाही का?'. गंमत वाटली, तशी जीभही शिवशिवली. दोनदा मी तिचा शब्द सुधारून दिला. ती "हां हां, थँक्स मॅडम" म्हणाली. सवय जाते का मेली.

जेवायला बिसीबेळे भात होता, डाळ, भाज्या, मसाला सगळं एकत्र शिजवलेला. आपल्याकडे खिचडीला जे जमत नाही ते त्या भाताला जमतं, एवढंच सांगते.

मंगळवार, जयलक्ष्मीपुरम

संध्याकाळी रूपा मला घरी घेऊन गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी झाडं की पाच वाजताच सावली दाटते. घरं बैठी, दारात रांगोळी, कंपाउंडला जास्वंद. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, इथे पाणी आणि कॉफी जोडीनंच येते, आणि नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत हातात कॉफीची वाटी टेकवलेली असते.

कॉफी घेऊन आल्या त्या रूपाच्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, बांधा काटक, नऊवारी नाही, साधी पाचवारी, कानात ठसठशीत कुडी. सगळी गल्ली त्यांना अज्जी म्हणते. मला पाहून इतक्या हरखल्या! "बार्शीस्नं आल्या? बसा, बसा. आमचं मराठी तुमाला कळतंय का? आमचं असंच हाय बघा, मिसळल्यालं." मी म्हटलं, कळतंय की. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तासभर सोडला नाही. रूपाची मुलगी सातवीत आहे. ती आईशी कन्नड बोलते, बापाशी इंग्रजी, आणि अज्जींशी मात्र मराठी. तुटकं, पण मराठी.

तिथेच मला एक बाब कळली. इथल्या मराठी समाजाचं एक छोटं मंडळ आहे, त्याचा एक हॉल आहे. त्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एक तास अज्जी पोरांना मराठी बोलायला शिकवतात. शिकवतात म्हणजे गोष्टी सांगतात. फळा नाही, पुस्तक नाही, चटई टाकायची आणि बसायचं. कित्येक वर्षं चाललंय. आधी पंचवीस पोरं यायची, आता नऊ. मंडळाचे सेक्रेटरी कृष्णोजीराव यांचं म्हणणं, पालकांना स्क्रीन पाहिजे, चटईवर कोण पाठवणार? ॲबॅकसवाल्यांनी तोच तास मागितलाय. अज्जींचा वर्ग स्क्रीनवर होत असेल तर ठेवू, नाहीतर तास त्यांना देऊ. येत्या रविवारी वर्ग बघून काय ते ठरवणार होते.

"मला कुठं येतंय ते पडदा-बिडदा," अज्जी म्हणाल्या. "पण तास गेला तर पोरं बोलायची कुठं? घरात कोन बोलतंय?" आणि पदरानं डोळे पुसले. गाजावाजा न करता, भांडं पुसावं तसे.

प्रशिक्षणाच्या शेवटी, शनिवारी, आम्हालाही एक डिजिटल पाठ करून दाखवायचा होता. रूपा माझ्याकडे पाहायला लागली. मी छाती काढून म्हटलं, "अज्जी, तुमचा पाठ आम्ही करू. तास कुठे जात नाही." हे मी म्हटलेलं आहे, माझ्याच तोंडानं.

बुधवार, पिरियापट्टण

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं आम्हाला रूपाची शाळा दाखवायला नेलं. वाटेत तंबाखूची शेतं, आणि मधूनमधून तंबाखू भाजायच्या उंच भट्ट्या, धुरानं काळवंडलेल्या. तो वास बसमध्ये शिरला आणि परत येईपर्यंत गेला नाही. वर्गातल्या पोरांच्या कपड्यांनाही तोच वास.

शाळेचा स्मार्ट टीव्ही हेडमास्तरांच्या खोलीत. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन, कोपऱ्यात आयुधपूजेचं, म्हणजे आपल्या खंडेनवमीचं, हळदकुंकू अजून चिकटलेलं. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क तालुका कचेरीत. आम्ही टीव्हीला नमस्कार करून बाहेर आलो. रूपा स्वतःच्या फोनवर साठ पोरांना कविता ऐकवते, बाकाबाकावर फोन फिरवत. मला हसू आलं नाही, कारण आमच्या बार्शीतही फक्त आच्छादनाचा रंग वेगळा आहे.

गुरुवार

गुरुवारी अज्जींच्या ओसरीवर चार-पाच पोरं गोळा केली आणि माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. अज्जींना सांगितलं, रविवारी सांगता तशीच एक गोष्ट सांगा.

त्यांनी सांगितली. ती मी आता आठवून लिहिते आहे. का आठवून, ते पुढे येईल.

"मी ल्हान होते, अल्ला? अप्पाचा हात धरून दसरा बघाय गेल्ते. जना म्हंजे काय जना! हात सुटला की. मी रडले न्हाई. सुम्ने जाऊन आनेजवळ बसले." आने म्हणजे हत्ती, जना म्हणजे माणसं, सुम्ने म्हणजे उगाच आपलं. मला अर्थ विचारावे लागले, पोरांना नाही. "आनेला बेल्ल आन भाताचा गोळा करून देत्यात. माहुतानं एक गोळा मला दिला. मी खाल्ला. आने बघत होतं."

"चिडलं का अज्जी?" एक पोर ओरडलं.

"चिडंल कशाला? त्याला ठाऊक की, हे पोरगं आपल्यापरीस ल्हान हाय."

पोरं खिदळली. मग अज्जींनी एकेकाला विचारलं, तू कधी हरवलास? आणि पोरं सांगायला लागली, मॉलमध्ये, जत्रेत, एक जण तर स्वतःच्याच शाळेत. तोडकंमोडकं, कन्नड घालून, पण मराठीत! अज्जी कुणालाही मध्ये थांबवत नव्हत्या. पोरानं कन्नड शब्द घातला की त्या आपल्या उत्तरात मराठी शब्द घालून पुढे जायच्या, आणि दोन वाक्यांनंतर तो शब्द पोराच्या तोंडात आलेला असायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी दुसरंच चाललं होतं. 'जना' येऊन गेलं, 'सुम्ने' तीनदा आलं, 'बेल्ल' म्हणजे गूळ, तो सुधारावा लागेल.

शुक्रवार

बोललेलं आपोआप टाइप करणारं एक ॲप आम्हाला शिकवलं होतं. अज्जींचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. त्यानं जे टाइप केलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवर हशा पिकला, आणि मला अज्जींची नव्हे, माझी लाज वाटली. किरण सर म्हणाले, "मॅडम, आवाज तसाच ठेवून नुसती चित्रं लावलीत तरी चालेल. टाइप करायलाच पाहिजे असं काही नाही."

ऐकावं ना मी! पण नाही. मराठीचा पाठ, महाराष्ट्रातून आलेली मराठीची बाई, आणि पाठात 'आने'? सगळ्या राज्यांचे शिक्षक बघणार. बार्शीला दाखवणार. मी ती गोष्ट कागदावर उतरवली आणि लाल पेन काढलं. अर्ध्या तासात पान लाल झालं, आणि तासाभरात नवीन पान तयार झालं. 'विजयादशमीच्या मिरवणुकीत प्रचंड गर्दी लोटली होती. गर्दीत माझ्या हातून वडिलांचा हात सुटला. मी न घाबरता एका हत्तीपाशी जाऊन बसले.' आनेनं बघितलं, ते वाक्य मी काढूनच टाकलं. कथेच्या ओघात येत नव्हतं म्हणे.

संध्याकाळी ते घेऊन अज्जींकडे गेले. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. इथली जुनी माणसं मराठी लिहितात ती कन्नड अक्षरांत, घरातल्या आरत्याही तशाच लिहिलेल्या. म्हणून रूपानं माझं पान कन्नड अक्षरांत उतरवून दिलं. अज्जींनी चष्मा लावून सगळं वाचलं, ओठ हलवत.

"हे मी सांगिटल्यालं हाय का?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच आहे अज्जी. फक्त नीट केलंय."

"हां," त्या म्हणाल्या. "नीट केलंय."

रूपानं माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही ते पान अज्जींच्या आवाजात रेकॉर्ड करायला बसलो. एकेक वाक्य मी आधी म्हणायचं, मग त्यांनी. त्या चुकल्या की मी पुन्हा म्हणायची. 'प्रचंड गर्दी लोटली' हे वाक्य किती वेळा घेतलं कोण जाणे. मध्येच फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मी गुरुवारचं रेकॉर्डिंग काढून टाकलं. नुसतं काढलं नाही. काढलेलं ज्या पेटीत पडतं ती पेटीही रिकामी करायची, म्हणजे खरी जागा होते, हे किरण सरांनी मंगळवारी शिकवलं होतं. सबंध आठवड्यात शिकवलेलं हे एकच मला कुणाला न विचारता जमलं.

शनिवार

माझा पाठ सगळ्यांत चांगला ठरला. हत्तीचं चित्र सोंड हलवायचं, खाली अक्षरं एकेक करून उजळायची. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं, रूपानंही टाळ्या वाजवल्या. समारोपात म्हैसूरपाक होता, तोंडात टाकताच विरघळणारा. मी तीन तुकडे खाल्ले. इतकी खूश होते मी.

रविवार, मंडळाचा हॉल

सकाळी दहाला हॉलमध्ये गेलो. नऊ पोरं, त्यांचे काही पालक, कृष्णोजीराव आणि कमिटीचे दोघे. कृष्णोजीराव वाईट माणूस मुळीच नव्हे. हाफ बाह्यांचा सदरा, कपाळाला गंध, सगळ्यांना खुर्च्या दिल्या. म्हणाले, "आमालाबी वाटतंय तास ऱ्हावा. बघूया, आँ?" अज्जी नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत. चटई टाकलीच नव्हती.

पाठ सुरू केला. हत्तीनं सोंड हलवली, पोरं जरा हसली. मग अज्जींचा आवाज आला, विजयादशमीच्या मिरवणुकीत. पोरांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग अज्जींकडे, मग एकमेकांकडे. दोन मिनिटांत चुळबुळ. एका मुलीनं आईला विचारलं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, "हे अज्जी कुठं? हे दुसरं कोन तरी हाय." पाठ संपला. मी प्रश्न विचारले, मिरवणूक कशाची होती? मुलगी कुठे जाऊन बसली? एकानंही हात वर केला नाही. बार्शीतल्या वर्गात अशी शांतता झाली तर मी पोरांना दोष देते. इथे दोष द्यायला कुणी नव्हतं.

कृष्णोजीरावांनीच सावरून घेतलं. "अज्जी, तो पडदा ऱ्हाऊ दे. तुमी सांगा की, नेहमीवानी. आनेची गोष्ट ना? सांगा, सांगा."

अज्जी उभ्या राहिल्या. बोलायला लागल्या. "मी ल्हान... लहान होते. अप्पाचा..." आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "वडिलांचा हात धरून..." पुन्हा पाहिलं. "जना... गर्दी..." प्रत्येक शब्दाला त्या माझ्याकडे बघत होत्या, बरोबर आलं का म्हणून. तसं बघणं मला नवीन नव्हतं. माझ्या वर्गातली पोरं वाचायला उभी राहिली की तशीच बघतात. मी हातानं खूण केली, बोला, काहीही बोला, मान जोरात हलवली. त्यांना वाटलं, चुकलं म्हणते आहे. त्या खाली बसल्या. "बेडा," म्हणाल्या. नको.

रूपा पुढे आली. "मॅडम, गुरुवारचं लावा. ओसरीवरलं. पोरांना तेच ऐकवू, मग बघा कशी बोलत्यात."

मी फोन हातात धरून उभी. "ते नाही राहिलं," म्हटलं.

"म्हंजे?"

"काढून टाकलं. जागा नव्हती."

रूपा जाऊन अज्जींच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मला त्या हॉलच्या फरशीनं गिळावं असं वाटत होतं. पाच मिनिटांनी कमिटीचं ठरलं. पुढच्या रविवारपासून तो तास ॲबॅकसला. कृष्णोजीरावांनी अज्जींचे हात धरून सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका, आता वयही झालं, आराम करा. अज्जींनी मान हलवली. पोरं बाहेर पळाली ती कन्नडमध्ये ओरडत.

गाडी संध्याकाळची होती. दुपारी जेवायला रूपाच्या घरीच जायचं आधी ठरलेलं, टाळता येईना. रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, पालेभाजीचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि माझ्यासाठी म्हणून मुद्दाम चपात्या. अज्जींनी वाढलं. "स्वल्प अन्न हाकला?" म्हणाल्या. भात वाढू का थोडा? मी मराठीत म्हटलं, "अज्जी, पोट भरलं." त्या कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि ताटात तूप वाढलं. मंगळवारी ज्या बाईनं तासभर माझा हात सोडला नाही, ती माझ्याशी कन्नड बोलत होती. प्रेमानं, आदरानं, मॅडम मॅडम करत, पण कन्नड. मी पुन्हा पुन्हा मराठीत काही काढायची. त्यांच्या सासऱ्यांचं, माहेरचं. त्या ऐकून हसायच्या आणि कन्नडमध्ये एका वाक्यात आटपायच्या.

निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "होगबन्नी," म्हणाल्या, म्हणजे जाऊन या. मग रूपाला हळूच काही सांगितलं. मी रूपाला विचारलं, काय म्हणतात? ती सांगेना. मी हट्टच धरला, तेव्हा म्हणाली, "मॅडम मोठ्या शिकल्याल्या हायत म्हंत्यात. त्यांच्यापुढं आपलं चुकाय नको म्हंत्यात."

मला तिथे दारातच रडू आलं. अज्जींना वाटलं, जाताना ऊर भरून आला. त्यांनी माझी पाठ थोपटली, तीही कन्नडमध्येच समजूत काढत.

बार्शी

येऊन महिना होत आला. प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी ऑफिसात लावलंय, आणि तालुक्यातल्या शिक्षकांना मी हे सगळं शिकवावं असा आदेश निघालाय. लाल पेन मी अजून वापरते, दुसरं काय वापरणार? पण वर्गात एखादं पोर वाचता वाचता माझ्याकडे बघायला लागलं की मी खिडकीबाहेर बघते. त्यानं काही सुधारत नाही, मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात रूपाला फोन केला. धीर करून विचारलं, अज्जी कशा आहेत? बऱ्या आहेत म्हणाली. गुडघा दुखतो. पोरं रविवारी येत नाहीत, मग अज्जी देवळात जाऊन बसतात. मी विचारलं, नातीशी बोलतात ना, मराठी?

"न्हाई मॅडम. तिच्याशीबी कन्नडच. पोरीला चुकीचं शिकवाय नको म्हंत्यात."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मग घरात मराठी कोण बोलतं आता?"

"आता?" रूपा म्हणाली. "आता हे मी तुमच्याशी फोनवर बोलाय लागलेय न्हवं. तेवढंच."